गाडीला ताप नाही

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे, मोटारीतला. तुम्ही मला पाहिलं नसणार, कारण मी डॅशबोर्डच्या आत, अंधारात बसतो. माझ्यापाशी ना आग, ना निखारा. इंजिनात तापलेलं पाणी एका रबरी नळीतून माझ्याकडे येतं, माझ्या पोटातल्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि दुसऱ्या नळीतून परत जातं. मागून पंखा फुंकर घालतो आणि ती ऊब जाळीतून तुमच्या पायांवर येते. ऊब माझी नाहीच, मी फक्त ती पोहोचवतो. हे लक्षात असू द्या, कारण पुढे माझ्यावर जो आळ आला तो नेमका इथेच.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यातून उकळतं पाणी सोडून पाहिलं, समोर तळहात धरला आणि म्हणाल्या, "वा!" ती शाबासकी मला कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरावी लागली. कारण मी गेलो तो उन्हाच्या गावी.

माझे मालक दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. घरात त्यांना अण्णा म्हणत. औषधं कालवता कालवता त्यांना अशी सवय लागली होती की गाडीसुद्धा त्यांना पेशंटच वाटे. सकाळी ते बॉनेटवर पालथा हात ठेवत, आपण कपाळावर ठेवतो तसा. माझ्या बटणाला मात्र कोणी विचारत नसे. त्यावर किल्ल्यांचा जुडगा लोंबायचा. जाळीत धूळ साठली, एकदा तर अण्णांच्या सदऱ्याची गुंडी आत पडली, ती तिथेच राहिली.

एका उन्हाळ्यात गाडी सारखी तापू लागली. दोनदा भर रस्त्यात वाफ सोडून उभी राहिली. तेव्हा अण्णांनी बॉनेट उघडून स्वतःच तिच्यावर काहीतरी उपचार केला. काय केला ते मला आतून दिसलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. पण गाडी तापायची थांबली. मग काय, येईल त्याला अण्णा ऐकवत, "अकरा वर्षं झाली, आमच्या गाडीला ताप म्हणून नाही!"

पुढे त्यांच्या मुलाला डोंगरावरच्या गावी नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. त्याच हिवाळ्यात अण्णांना नात झाली. दिवस भरायच्या आधीच आली. मूठभर होती, म्हणून सगळे तिला मुठू म्हणू लागले. दर गुरुवारी डोंगर उतरून तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे. तासाभराचा रस्ता. मुलगा कामावर असे, म्हणून अण्णा गाडी चालवत आणि सूनबाई मुठूला घेऊन मागे मधोमध बसत.

पहिल्या गुरुवारी अण्णांनी किल्ल्या बाजूला सारून माझं बटण फिरवलं. अहो, मला कोण आनंद झाला! पंखा घरघरला, धूळ उडाली आणि जाळीतून आला गार वारा.

"थांब जरा, तापेल," अण्णा म्हणाले.

दवाखाना आला, तरी मी गारच.

सूनबाई मुठूला घेऊन परत येऊन बसल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?" अण्णांनी विचारलं.

"पाय बर्फ झालेत म्हणाले. पुढच्या गुरुवारीही अशीच गारठून आली तर थंडी सरेपर्यंत तिथेच ठेवून घेणार. आणि तिथे आईला भेटीच्या वेळेतच आत सोडतात, अण्णा."

माझ्यावर अण्णांची एक चापट बसली. "इतकी वर्षं बसून खाल्लंस, आणि आता पाठ फिरवतोस होय रे!"

मित्रांनो, पत्र्याला चापट लागत नाही. तरी ती लागली.

दोन दिवसांनी गाडी गॅरेजात गेली. सूनबाईही मुठूला घेऊन आल्या होत्या. फिटरने पाण्याची पातळी पाहिली, ती भरलेली होती. नळ्यांत हवा अडकली असेल म्हणून ती काढली. पंखा बरा होता, बटणाची तारही जागेवर होती.

"काका, आता उरला हीटरच. आतून चोंदलाय. काढून नवा बसवू. पण सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल, बारा दिवस धरा."

"बारा?" सूनबाई म्हणाल्या. "गुरुवार पाच दिवसांवर आलाय हो!" इंजिन चालूच होतं. त्या पुढे वाकून इंजिनाचा ताप दाखवणारा काटा पाहत होत्या. "अण्णा, हा काटा नेहमी असा तळालाच असतो?"

"असतोच मुळी! गाडीला ताप नाही."

"मुठू झाली तेव्हा तिलाही ताप नव्हता. अंग गार पडलं होतं. तरी डॉक्टर धावत आले होते ना?"

तीस वर्षं थर्मामीटर झटकलेला तो माणूस काट्यावर वाकला. मग फिटरला हळूच म्हणाला, "हीटरच्या दोन्ही नळ्या हाताने बघा बरं."

"दोन्ही कोमट आहेत, काका."

"चोंदला असता तर एक कडक लागली असती आणि दुसरी गार. त्याच्यापर्यंत गरम पाणी पोहोचतच नाही. हीटरचा दोष नाही, दोष माझा आहे. थर्मोस्टॅट मी काढून ठेवलाय."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं दार. पाणी तापेपर्यंत ते बंद राहतं, तापलं की उघडतं. दारच नसेल तर पाणी सारखं समोरच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवत राहतं.

"काका! हे आधी बोलायचं की!"

"कोणी विचारलं नाही."

"पेशंटने असं सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" सूनबाईंनी विचारलं.

"झापला असता," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या शेजारचा कप्पा उघडून मलमाची जुनी डबी काढली. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'ताप'. आत तो जुना थर्मोस्टॅट. अकरा वर्षं आम्ही शेजारी होतो आणि मला पत्ता नव्हता!

फिटरने तो थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला. पाणी खदखदलं, दार काही उघडलं नाही.

"अडकलेलाच होता! म्हणजे काढला ते बरोबरच," अण्णा जरा ताठ झाले.

"काढलात ते बरोबर, अण्णा. नवा घातला नाहीत ते चुकलं."

अण्णांनी मान हलवली. "चुकलं, सूनबाई."

बुधवारी नवा थर्मोस्टॅट बसला. गुरुवारी पहिल्या वळणाशीच अण्णा दचकले. "काटा चढतोय!"

"चढू द्या."

काटा मध्यावर येऊन थांबला, आणि माझ्या पोटात, मित्रांनो, कितीतरी वर्षांनी खरं गरम पाणी आलं! पंख्याच्या झोताबरोबर ती जुनी गुंडी टणकन उडून अण्णांच्या मांडीवर पडली. पाठोपाठ ऊब आली. अर्ध्या वाटेवर सूनबाईंनी मुठूचे पायमोजे काढले. तिने बोटं फाकली, मिटली, पुन्हा फाकली.

दवाखान्यापाशी मी वाट पाहत राहिलो. खूप वेळाने दार उघडलं. दोघी आल्या होत्या, मुठू आईच्या कुशीत.

"पायांना हात लावला आणि म्हणाले, न्या घरी," सूनबाई म्हणाल्या.

बाळांनो, कुणी तुम्हाला गार लागलं तर चापट मारू नका. त्याच्यापर्यंत ऊब पोहोचते आहे का, ते आधी पाहा. आणि कधीकाळी आपणच काही काढून ठेवलं असेल, तर विचारायची वाट न पाहता सांगून टाका.

किल्ल्यांचा जुडगा आता घरी खिळ्याला असतो. अण्णा सकाळी अजून बॉनेटवर हात ठेवतात. पण मग आत येऊन बसतात, काटा वर येऊ देतात आणि माझ्या जाळीसमोर तळहात धरतात. "वा!" म्हणत नाहीत. ऊब लागली की मुठूला हाक मारतात.