पोटातला भुसा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मान खाली घालून बोलते आहे. मोटारीला कुठली आली मान, म्हणून हसाल. खुशाल हसा, माझी तीच लायकी आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा थाट काय वर्णावा! गडद हिरवा रंग, चकचकीत बंपर. माझ्या मालकीणबाई शाळेत शिकवायच्या. मी फाटकातून आत शिरले की मुलं खेळ थांबवून बघत राहायची. तीस वर्षांत मी बाईंना एकदाही रस्त्यात अडकवलं नाही.

मग वय झालं. माझ्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध दातेरी चाकांची एक पेटी आहे, तिला डिफरन्शियल म्हणतात. तिचे दात झिजले आणि ती चालताना रडू लागली. बाईंना दुसऱ्याच दिवशी परगावी जायचं होतं आणि नवा भाग काही मिळेना. तेव्हा आमच्या मिस्त्रींनी, एवढ्या नावाजलेल्या माणसानं, पेटीतल्या ऑइलमध्ये दोन मुठी लाकडाचा भुसा कालवला. आवाज गायब!

"तात्पुरतं आहे गं. परत आलीस की नीट करतो," असं ते मला थोपटत म्हणाले. मी परत आले. बाईंनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढलाच नाही. मीही गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मलाही ते कौतुक गोड लागलं होतं.

दोन वर्षांनी बाईंनी पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवायचं ठरवलं. ते काम मिस्त्रींच्या लेकीनं केलं. तिचं पहिलंच मोठं काम, पण असं नेटकं की मला नवं काही बसवल्याचं जाणवलंसुद्धा नाही. जुना गिअरबॉक्स सारखा घरघरायचा, त्या गोंगाटात भुशातूनही उरलेलं माझं मागचं बारीक रडणं झाकून जायचं. नवा मात्र शांत. त्यात भुशाचाही एव्हाना लगदा झाला होता. वेग घेतला की मागून आवाज येऊ लागला, ऊंऽऽऽ!

"गिअरबॉक्स बदलला आणि आवाज सुरू झाला. मग चूक कुणाची?" मिस्त्री लेकीवर कडाडले. बिचारीनं दोनदा गिअरबॉक्स उतरवला, उघडला, पुन्हा बसवला. काहीच सापडेना. "बस झालं! यापुढे गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. तुझ्याच्यानं नाही व्हायचं हे," ते म्हणाले. त्या दुपारी तिनं डबासुद्धा उघडला नाही. माझ्याखाली उताणी पडून ती डोळे पुसत होती आणि मला सगळं ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरगी हट्टी निघाली. "बाबा, कुठलाही गिअर टाका, आवाज चाकांच्या वेगाबरोबरच वाढतोय," म्हणत तिनं माझी मागची बाजू स्टँडवर उचलली आणि चाकं फिरती ठेवली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला लावलं, मूठ कानाला. काही नाही. मग मागच्या पेटीला लावलं आणि दचकून कान बाजूला घेतला. इंजिन बंद करून तिनं ऑइल सोडलं. भांड्यात काळा लगदा पडला.

बाई शेजारीच उभ्या होत्या. "अगंबाई, हे काय? कुणी घातलं हे?"

लेकीनं लगदा बोटांत चोळून पाहिला, एकदा वडिलांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हात पुसत राहिली.

"मी घातला," मिस्त्री म्हणाले. "भुसा आहे तो. पोरीची काही चूक नाही, बाई." मग त्यांनी स्वतःचा पाना तिच्यापुढे धरला. "ही पेटी तूच खोल. मी पलीकडून धरतो."

मित्रांनो, कुणी कुरकुरायला लागलं तर त्याचं तोंड बंद करू नका, कुठं दुखतंय ते विचारा. आणि तुम्हाला खरं ठाऊक असताना दुसरं कुणी बोलणी खात असेल, तर वेळेवर बोला. तुम्हाला तोंड आहे. मला नुसता हॉर्न आहे, आणि तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.