तीन तास, लागेल ते काम

जावयाला नोकरी लागली. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. जावयाला नोकरी नाही, तो सोफ्यावर आडवा आहे आणि माझी गोष्ट आत्ता सुरू होते आहे.

मी एक जुनी चिठ्ठी आहे. माझा जन्म गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला झाला. त्यामुळे माझ्या पाठीवर सहा तारखा आहेत आणि त्यांतल्या एकीवर ‘गॅस संपला’ असे लिहिले आहे. पोटावर मात्र सुबक अक्षरात मजकूर आहे: ‘आईंना सप्रेम भेट. तीन तास, लागेल ते काम.’

मला लिहिणारा हा जावई फिटर होता. अकरा वर्षे तो पंपांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला. आधी तो खुर्चीवर बसायचा, मग सोफ्यावर, मग आडवा. दाढी करणे त्याने सोडले होते आणि नोकरीचे अर्ज लिहिणेही. त्याच्या बायकोने एकदा आपल्या आईला फोनवर सांगितले, “आई, तो उठतच नाही गं. काल मी त्याच्या भोवतीने झाडून घेतलं.”

वर्षअखेरच्या सुट्टीत त्यांच्याकडे सगळे एकमेकांना भेटी देत. त्या वर्षी खरेदी जमण्यासारखी नव्हती. म्हणून बायकोने फर्मान काढले की विकतचे काही आणायचे नाही, आपला वेळ नाहीतर आपली कला द्यायची. नातीने आजीला लिहून दिले, ‘मी एक तास गप्प बसेन.’ ती चिठ्ठी घरच्यांनी एकमताने तिथल्या तिथे वापरून टाकली. जावयाने मला लिहिले. तेही आडवे पडूनच, म्हणून माझ्या ओळी जरा उतरत्या आहेत.

अशी मी सासूबाईंकडे आले. सासूबाई कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला उलटून पाहिले, ‘गॅस संपला’ वाचले, माझी चार घड्यांत घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवले. कागद म्हणून मला याहून मोठा मान मिळालेला नाही.

पुढच्याच शुक्रवारी त्यांचा नळ गळू लागला. शनिवारी जावई आला, ओट्याखाली शिरला आणि पंचवीस मिनिटांत बाहेर आला.

“आई, चिठ्ठी द्या. फाडून टाकू.”

“पंचवीस मिनिटांसाठी? चिठ्ठी तीन तासांची आहे, जावईबापू. आमच्याकडे सुटे करून मिळत नाही.”

मी डबीत परत गेले. पुढच्या शुक्रवारी पंख्याचे बटण गेले. मग कपाटाची बिजागरी, मग दाराची बेल, मग खुर्चीचा पाय. तीस वर्षे ज्या घरात साधा दिवा गेला नव्हता, तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी काहीतरी मोडू लागले आणि शनिवारी जावई येऊ लागला. जे काही मोडे, ते तीन तासांचे नसे.

हे कसे होते, ते मला पहिल्यापासून माहीत होते. बारीक काम करताना सासूबाईंना चष्मा लागतो आणि चष्म्यासाठी डबी उघडावी लागते. शुक्रवारी डबी उघडली की समोर सासूबाई, हातात सासऱ्यांच्या वेळची पकड, आणि काम जोरात चालू. खुर्चीचा पाय निघेना, तेव्हा त्यांनी खुर्चीला दोन शब्द सुनावल्याचेही मी ऐकले आहे.

अकराव्या शनिवारी जावई ओट्याखालून म्हणाला, “आई, हा नट कुणीतरी पकडीने फिरवलाय.”

सासूबाई भाजी निवडत होत्या. “उंदीर असतील.”

“उंदरांना सांगा, पकडीने कडा झिजतात. एकोणीसचा पाना वापरायचा.”

सासूबाईंनी आणखी एक देठ मोडला.

“तो कुठे मिळतो?”

“माझ्या पेटीत आहे. पेटीच ठेवून जातो.”

दोघेही यापुढे या विषयावर काही बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारी जावई दाढी करून आला आणि जाताना म्हणाला, “पंपघरात माणूस हवाय म्हणे. अर्ज करावा का? सहा महिने काय केलंत, असं विचारतील.”

“काय म्हणजे? काम केलंत.”

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी दाखला लिहिला: ‘सदर इसमाने या निवासस्थानी बारा बिघाड दुरुस्त केले. बिघाड गंभीर व वारंवार होणारे होते. ते का होत होते, याचा शोध त्याने लावला. परंतु वाच्यता केली नाही.’ पंपघराच्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्याला सोमवारपासून यायला सांगितले.

म्हणजे पहिले वाक्य आता वाचायला हरकत नाही.

दरम्यान सासूबाईही तयार झाल्या. एका मंगळवारी नळ खरोखरच गळू लागला. त्यांनी तो एकोणीसच्या पान्याने पंधरा मिनिटांत नीट केला आणि शुक्रवारी पुन्हा ढिला केला.

पहिल्या पगाराच्या आठवड्यात जावई म्हणाला, “आई, आता तरी फाडा ती चिठ्ठी. माझं चाललंय बरं.”

सासूबाईंनी मला उघडले, वाचले आणि पुन्हा घडी घातली. “तीन तासांचं काम अजून निघालं नाही. निघालं की कळवीन.”

“कधी निघेल?”

“घर जुनं आहे, जावईबापू.”

त्याने ओट्याखालची पेटी पुढे ओढली.

मित्रांनो, कुणी तुम्हाला आपला वेळ लिहून दिला असेल, तर तो वेळेवर मागून घ्या. माझ्या घड्या आता फाटायला आल्या आहेत. एकीवर चिकटपट्टी आहे. म्हणून मी पुढील अर्ज करीत आहे.

प्रति, माननीय सासूबाई, चष्म्याची डबी विभाग. विषय: फाडून मिळणेबाबत. महोदया, माझ्यावर नमूद केलेले तीन तास आजवर अनेक वेळा भरले असून त्याची नोंद कोठेही घेतलेली नाही. तरी अर्जदारास रीतसर फाडण्याचे आदेश व्हावेत आणि त्यानंतरही शनिवारचे येणे-जाणे पूर्ववत चालू राहील, असे जावयाकडून लेखी घ्यावे, ही विनंती. त्यासाठी नवीन चिठ्ठी लागल्यास अर्जदाराची मागची बाजू वापरू नये. तिथे गॅस संपलेला आहे.