एर्सिलिया आणि देल्फोची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. मिलानमध्ये, युद्ध संपल्यावर माझा जन्म झाला. बॉम्बने पाडलेल्या घरांच्या जागी लहान लहान घरं उठत होती. त्यांत मावेल, एका हाताने उचलता येईल अशी खुर्ची एर्सिलिया आणि तिचा धाकटा भाऊ देल्फो यांना करायची होती. दोघंही वास्तुविशारद. एकाच टेबलाशी समोरासमोर बसून माझी चित्रं काढत आणि भांडत.

"पाठ अजून कलती कर ना, ताई. माणूस दमून येतो."

"म्हणजे सूप मांडीवर सांडायला मोकळा! गाढवा, खोड ते."

माझी पाठ कुणाची आणि पाय कुणाचे, मलाही ठाऊक नाही. एकाने रेघ ओढायची, दुसऱ्याने खोडायची. उरली ती मी.

एक कारखानदार मला बघून खूश झाला, माझ्यासारख्या शेकडो खुर्च्या करायला तयार झाला. अट एकच, नाव फक्त देल्फोचं. "बाईचं नाव घातलं तर लोक म्हणतील, स्वयंपाकघरातली खुर्ची."

"स्वयंपाकघरातलीच आहे," एर्सिलिया म्हणाली.

देल्फोने मला उचललं आणि तडक जिना उतरला. रस्त्यावर ती त्याच्यावरच उखडली. "मोठा शहाणा! मला विचारलंस? मी हो म्हणणार होते. काम हवंय आपल्याला."

तो फुटपाथवरच माझ्यावर बसला. "उद्या कुणी विचारलं, ही रेघ अशी का, तर मी काय सांगू? मला निम्मीच उत्तरं येतात गं."

एर्सिलियाने त्याची कॉलर नीट केली.

पुढे त्यांनी दिवे केले, दारांच्या मुठी केल्या, एक शाळा बांधली. सगळ्यावर दोन्ही नावं. माझ्यासारखी दुसरी मात्र झालीच नाही. मी त्यांच्या टेबलाशीच राहिले.

एका हिवाळ्यात देल्फो गेला. एर्सिलिया माझ्यावर बसून रेघ ओढायची आणि समोर बघत राहायची. शेवटी तिने पेन्सिल ठेवून दिली.

मग संग्रहालयाची माणसं मला मागायला आली.

"हिच्यावर बसता येईल?" तिने विचारलं.

"छे छे, सिन्योरा! काचेत ठेवणार."

तिने त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं, आणि मला खालच्या मजल्यावरच्या पाल्मिराकडे दिलं. "जपू नकोस. वापर."

पाल्मिरा दिवसभर इस्पितळात लाद्या पुसते. संध्याकाळी येते, बूट काढते आणि माझ्यावर टेकते. माझी वेताची बैठक सैल झालीय, एक पाय डुगडुगतो. पण तिचा श्वास हळूहळू खाली बसतो, ते मला पाठीत कळतं.

मी मोडले तर खुशाल शेगडीत घाला. तोवर मला नुसतं बघत उभे राहू नका. बसा.