उंचसखल पेच

डिंपल तुरकरने पुण्याची नोकरी सोडली आणि तिरोड्यात बापाच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या शेडमध्ये मायक्रोवेव्हचे डबे बनवायला घेतले, तेव्हा अख्ख्या मोहल्ल्याने तिला वेड्यात काढलं. हे डबे भाजी गरम करायचे नव्हेत. एकाच अँटेनाने बोलायचंही आणि ऐकायचंही, तर आपल्याच ओरडण्याने आपल्याच कानठळ्या बसतात. म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरींना वेगवेगळ्या वाटेने काढणारा हा फिल्टर.

आज चोरखमारा धरणावर त्याची परीक्षा होती. पास झाला तर दरवाजांच्या वायरलेसचं काम तिचं. नापास झाला तर बाहेरचा तयार डबा बसणार आणि तिने मुकाट्याने पुण्याची गाडी धरायची, असं घरात तिनेच कबूल केलं होतं.

धरणावर तिने पिशवीतून डबा काढला. झाकणावरचे पितळी पेच तिने केसाकेसाने फिरवून, कुठला वर, कुठला खाली असे जुळवले होते; त्यांच्या उंचीवरच लहरींची वाट ठरायची. आता सगळे एका पातळीत, गपगार बसलेले. वरून ग्रीससुद्धा!

"बाबूजी, याले कोण हात लावला?"

"मीच," गुलाबचंद कौतुकाने म्हणाले. "सारे ढिले होते बेटा. साहेबासमोर वाकडेतिकडे बरे दिसत नाही, म्हणून कसून टाकलो."

ज्या माणसाने जन्मभर ढिला नट दिसला की कसला, त्याला काय बोलणार? पण राग यायचा तो आलाच.

ठेकेदाराचे इंजिनीयर भुपेंद्र साहेब हसले. "रहने दो मॅडम. दुसरा डबा गाडीत आहेच."

"राहू द्या तो गाडीतच. मी इथंच जुळवते, तुमच्या डोळ्यांसमोर. जुळल्याशिवाय उठत नाही."

ती तापल्या बांधावर फतकल मारून बसली. मापायचं यंत्र जोडलं, सगळे पेच ढिले केले. एक पेच जमला की शेजारचा बिघडायचा, पडद्यावरची रेघ पळायची. साहेब दोनदा "बस झालं" म्हणाले. तिने मान वर केली नाही. गुलाबचंद ओशाळून तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते.

अखेर रेघ जागेवर थांबली आणि डबा खांबावर चढला. डिंपल माईकवर बोलत सुटली आणि तिचं बोलणं चालू असतानाच पलीकडून दरवाजावाल्या शालीकरामचा आवाज आला, "पोरी, तू बोलून राहिली, तरी मी बोललेलं ऐकू येऊन राहिलं का तुले?"

"खणखणीत!" ती इतकी ओरडली की वायरलेसची गरजच नव्हती.

"ठीक आहे, काम तुमचं," भुपेंद्र साहेब म्हणाले. "पण जरा फिनिशिंग बघा. पेच कसे उंचसखल!" आणि त्यांनी पेचकस उचलला.

गुलाबचंदने त्यांचं मनगटच धरलं.

"हात नोका लावू साहेब. ते तसेच राहतीन. आन् माही पोरगी इथंच राहीन."