सात नंबरचं कपाट

यास्ना अंटार्क्टिकाहून परतली ती सोलवटलेलं नाक, फुटलेले ओठ आणि छातीशी धरलेलं एक खोकं घेऊन. दारातूनच ओरडली, "मावशी, जिवंत आहे बरं का मी!"

"दिसतंय. आधी पाय पूस," मी म्हटलं.

वाल्दिव्हियाच्या आमच्या हर्बेरियममध्ये वाळलेल्या वनस्पती तावांवर चिकटवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. पोरं येतात, पदवी घेतात आणि मला विसरतात. ही विसरणारी नव्हती, म्हणून माझा हिच्यावर जीव.

हिची पदवी अठरा तावांवर उभी होती. एका छोट्या पिवळ्या फुलझाडाचे नमुने. ते ज्या दरीत उगवायचं ती धरणाखाली गेली आणि दुसरीकडे ते कुणाला सापडलेलं नाही. जगात उरलं होतं ते एवढंच, आमच्या सात नंबरच्या कपाटात.

बाहेरून आलेला नमुना आठवडाभर फ्रीजरमध्ये गोठवायचा, म्हणजे त्यातली कीड मरते. मगच तो कपाटांच्या खोलीत न्यायचा. हा आमचा नियम. मी खोकं उचललं तर ही खो खो हसायला लागली.

"मावशी, बर्फातलं शेवाळ आहे ते! त्याला आणखी काय गोठवताय? तिथे माशी नाही की मुंगी नाही."

मलाही हसू आलं. शिवाय फ्रीजर गच्च भरलेला, तो रिकामा कोण करणार? "ठेव सातमध्ये," मी म्हटलं. "तुझंच कपाट आहे."

तिच्या प्राध्यापकांनी तिला आल्या आल्या मोहिमेच्या नोंदी लिहायला बसवलं. "एवढं उरकलं की माझं फूल," असं ती रोज म्हणायची. त्यात चार महिने गेले. कपाटं दर महिन्याला तपासायची असतात. मी तेही केलं नाही.

जूनमध्ये तिने कपाट उघडलं आणि मला हाक मारली. नुसतं "मावशी," एवढंच.

खोक्याच्या बुडाशी जुनं पीठ होतं, आणि त्यात बारीक तपकिरी किडे.

"हे खोकं कुठलं गं?"

"बोटीतून उतरल्यावर पुन्ता आरेनासला राहिले ना, तिथल्या मालकिणीने कोठीतून काढून दिलं." बोलता बोलता तिचं लक्ष त्या पिठाकडे गेलं.

शेवाळाला काही झालं नव्हतं. किड्यांनी फुलं खाल्ली होती. एकेक ताव आम्ही उघडला. दरीचं नाव, तारीख, गोळा करणाऱ्याची सही, सगळं जागच्या जागी, आणि वर भुसा. अठराव्यावर एक देठ शिल्लक होता.

"यावरून काही करता येईल?"

"नाही," मी म्हटलं. खोटा धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

संचालकांना लेखी कळवावं लागतं. तिने तिथेच बसून लिहिलं: नियम मला माहीत होता, तो मी पाळला नाही, चूक माझी. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. कागद तिने माझ्यापुढे धरला.

"बरोबर आहे ना, मावशी?"

मी तो दोनदा वाचला. आजवर माझ्या नावावर एकही डाग नव्हता. मला स्वतःची किळस येत होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "खाली सही कर."