हिरव्या पन्हळी

"गोणपाट काढ की, बघू तरी," धरमचंद शेठ म्हणाले.

भिकाने गाडीवरचे ओले गोणपाट सावकाश उचलले. खाली भेरली माडाची खोडे कोरून केलेल्या, छपराचे पाणी वाहून न्यायच्या चार पन्हळी होत्या, आतून-बाहेरून हिरव्यागार. भीमाशंकरखालच्या डोहात त्याने त्या आठ महिने बुडवून ठेवल्या होत्या. असे मुरलेले लाकूड उन्हात तडकत नाही. निघताना बायको, अंबाबाई, म्हणाली होती, "शेवाळ खरवडून तरी न्या." त्याने ऐकले नव्हते. हिरवे दिसले म्हणजे शेठला कळेल, किती दिवस पाण्यात होते ते. घोडेगावपर्यंत तो वाटेतल्या प्रत्येक ओढ्यावर गोणपाट भिजवत आला होता.

प्लेगाची साथ ओसरल्यावर पेठेत नवी घरे उठत होती. शेठच्या ओट्यावर पन्हळींसाठी पुण्याहून आलेले जस्ती पत्रेही टेकून ठेवले होते. शेठ ज्या पन्हळी लावतील, त्याच बाकीचे लावणार होते. आणि भिकाच्या हाताला दुसरे काम ठाऊक नव्हते.

"पत्रा पावसात लई वाजतो, शेठ. खिळ्यापाशी गंजतो. माज्या बापानं बसवलेली पन्हळ आजून गळत न्हाई."

"मला पटतंय रे. पण घरात विचारायला हवं."

शेठच्या पत्नी कस्तुरबाई बाहेर आल्या. पन्हळीवर वाकल्या, बोट लावणार तोच थांबल्या.

"हे जिवंत आहे, भिका."

"शेवाळ हाय, बाई. आत्ता खरवडून देतो."

"आमचा धर्म सांगतो, शेवाळात अनंत जीव असतात. माझ्या दारात नको."

"मग नदीवर जाऊन खरवडतो. तुमी बघू बी नका."

"माझ्यासाठीच खरवडणार ना? मग ते पाप माझंच."

गाठ, तडा, उतार, यातले काहीही विचारले असते तर भिकाने सांगितले असते.

"आणि चौमासात पुन्हा धरेलच," त्या हळू म्हणाल्या. "काम सुरेख झालंय. त्याला मी नाही कुठं म्हणते?"

शेठ पत्र्यांकडे बघत म्हणाले, "पत्रा चढवायला तरी थांब. तुझा हात चांगला."

"पत्र्याला हात कुटं लागतो, शेठ? कात्री लागती."

त्याने गोणपाट पुन्हा पांघरले. बैल जुंपताना कस्तुरबाई म्हणाल्या, "होत्या तिथंच नेऊन ठेव. उन्हात सुकवू नको."

"व्हय, बाई."

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी परत आलेली पाहून अंबाबाई काय ते समजली. "आता तरी खरवडा. दुसरं कुनी घील."

"घील की न्हाई, कुनाला ठावं. बाईंना व्हय म्हनलोय."

तो गाडी तशीच डोहाकडे घेऊन गेला. वैशाखात डोह दिवसागणिक आटत होता; पाणी आता घोट्याएवढे उरले होते. चारही पन्हळी आत ठेवल्या, तरी प्रत्येकीची कड वर राहत होती, आणि कडेवरचे शेवाळ तपकिरी पडू लागले होते. भिकाने ओंजळीने पाणी मारून पाहिले. मग गोणपाट पाण्यात बुडवून, पिळून न काढता, तसेच निथळते, त्या कडांवर पसरले, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले.