मावशींनी पसारा राहू दिला

मी कप बोलतोय. पांढरा, काठाला निळी रेघ, कान तुटलेला. कान नाही म्हणून मला ऐकू येत नाही असं समजू नका. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसून मी जेवढं कण्हणं ऐकलंय, तेवढं डॉक्टरांनीही ऐकलं नसेल.

जन्म भट्टीतला. सहा भावंडं होतो. बाकीची कुठे गेली देव जाणे, मी डॉक्टरांच्या टेबलावर आलो. दिवसभर पेशंटना 'गोड कमी खा' सांगणारा हा माणूस माझ्यात तीन चमचे साखर घालायचा. मी कधी कुठे बोललो नाही. एकदा नळावर आपटलो, कान गेला, आणि माझी रवानगी सिंकखालच्या कपाटात झाली. तिथे फिनेलच्या बाटलीशेजारी वर्षभर तोंड पाडून बसलो.

मला बाहेर काढलं ते मावशींनी. दवाखान्याची साफसफाई त्यांची, हत्यारं उकळून जागच्या जागी लावणं त्यांचं, आणि पेशंटना दम देणंही त्यांचंच. बाहेरच्या खोलीतल्या फिश टँकमध्ये एक निळा मासा होता. त्याला आडोसा हवा म्हणून त्यांनी मला वाळूत आडवा ठेवला. मासा माझ्या पोटात शिरला आणि मालक झाला. सगळे त्याला दादा म्हणायचे, आणि ते उगाच नव्हे.

"एकटा पडलाय हो तो," मावशी डॉक्टरांच्या मागे लागल्या. "त्याला सोबत आणा."

सोबत आली. पिवळी, दादाएवढीच, बावरलेली. तिला पाण्यात सोडलं आणि दादा माझ्यातून सुटला तो थेट तिच्या शेपटीवर. संध्याकाळपर्यंत शेपटीच्या चिंध्या झाल्या. ती पंपाच्या नळीमागे दडून बसली, खायलाही पुढे येईना. असंच चाललं असतं तर आठवडाभरही जगली नसती.

"मीच आणवली हो हिला," एवढंच म्हणून मावशी घरी गेल्या.

त्या गेल्यावर डॉक्टरांनी मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "साहेब, तो कप म्हणजे त्याचं घर," दुकानदार म्हणाला. "दोन दिवस तिला जाळीच्या डब्यात घालून टाकीतच टांगा, ओळख होऊ दे. मग दगड, कप, सगळं हलवा. कुठलं आपलं तेच त्याला कळता कामा नये. त्याला पोटभर खायला घाला, दिवा बंद करा आणि तिला सोडा."

दोन दिवस पिवळी डब्यात टांगलेली राहिली. मग एका सकाळी मावशी यायच्या आधी डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. मला उचलून मागच्या कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? चार वर्षं दारातून येणारे सुजलेले गाल बघायची सवय होती. पण दिवा बंद करून पिवळीला सोडलं, तेव्हा दादा असा गोंधळलेला होता, की तिच्याकडे बघायला त्याला फुरसतच मिळेना.

दुपारी डॉक्टर जेवायला गेले. मावशी फडकं घेऊन आल्या, टँककडे बघून "काय हा पसारा" म्हणाल्या आणि प्रत्येक दगड होता तिथे परत ठेवला. मलाही. 'अहो मावशी, राहू द्या,' मी मनातल्या मनात ओरडलो. दादाला घर सापडलं, पिवळी पुन्हा नळीमागे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पिशवी घेऊनच आले. "पिवळीला दुकानात परत देतो, मावशी. रोज सामान हलवतो, तरी हा तिला सोडत नाही."

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. "तुम्ही हलवता होय? मला वाटलं, पेशंटची पोरं हात घालतात. मी रोज जागेवर लावते की."

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत मटकन बसले आणि पोट धरून हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच पाण्यात हात घातला, सगळं उलटसुलट केलं आणि दुसऱ्या टोकाला आपला स्वतःचा चहाचा कप आडवा ठेवला. "घ्या, दोघांना दोन घरं."

आता दादा माझ्यात राहतो, पिवळी त्या कपात. अधूनमधून दादा डोळे वटारतो, पण तेवढंच. पिवळीच्या शेपटीला नवी कड फुटलीय. मावशी अजून रोज फडकं घेऊन येतात, एक हात टँककडे जातो, आणि त्या तो ॲप्रनच्या खिशात कोंबतात.

तुमच्या घरी कोणी नवीन येणार असेल, तर एखादी खुर्ची हलवा, एखादा खण रिकामा करा. जुन्या मंडळींना चार दिवस राग येईल. मलाही आला होता. पण पसारा राहू द्या. मावशींना जमलं, तुम्हालाही जमेल.